मेंढा (लेखा) : ग्रामसभेचे वनव्यवस्थापन

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील, शंभराच्या आसपास घरांचे गोंड आदिवासींचे गाव. लेखा गटग्रामपंचायतीत ते मोडत असल्यामुळे त्याचा उल्लेख ‘मेंढा (लेखा)’ असा केला जातो. गावालगतच्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ मध्ये ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढ्याची गणना होते.

स्वातंत्र्यापूर्वी हे जंगल जमीनदारीत होते आणि सरपण, बांबू, घरासाठी लाकूड, गुरांची चराई अशा गरजांसाठी गावकऱ्यांना त्यात निस्तार हक्क होते. जमीनदारी गेल्यावर जंगल सरकारकडे आले. निस्ताराची नोंद कागदोपत्री राहिली, परंतु प्रत्यक्षात जंगलातून काही आणणे हे वनरक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राहू लागले. त्याच जंगलातील बांबू मात्र भाडेपट्ट्याने कागद कारखान्याकडे जात असे. ज्यांच्या कुंपणाच्या बांबूवर गुन्हा नोंदवला जाई त्यांच्याच डोळ्यांदेखत बांबूचे ट्रक भरले जात, ही विसंगती पुढील सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

१९८० च्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह यांच्या सहभागामुळे ते गाजले, आणि त्यातून परतलेल्या मेंढ्याच्या लोकांत आपल्या गावाचा कारभार आपण पाहायचा हा विचार रुजला. गावाचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी कायमची जोडली गेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. तिच्यामागे दोन रीती आहेत. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. दुसरी रीत अभ्यासगटाची. त्यात गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, बांबूची वाढ, मध काढण्याची पद्धत अशा विषयांवर केवळ चर्चा करतात, निर्णय घेत नाहीत. निर्णयासाठी ग्रामसभाच बसते. घोषणेपेक्षा हा अभ्यासगट अधिक महत्त्वाचा मानावा लागेल, कारण पुढे कायदा आला तेव्हा त्याचे कलमवार वाचन करणारे लोक गावात तयार होते.

सरकारी पातळीवर लोकांना जंगलाच्या राखणीत घेण्याचा विचार तोवर वेगळ्या वाटेने आला होता. पश्चिम बंगालमधील आराबारी येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात साल वनाची राखण करणाऱ्या गावांना उत्पन्नाचा २५ टक्के वाटा देण्यात आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनंतर १९९० मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले आणि १९९२ मध्ये महाराष्ट्राने त्यानुसार शासन निर्णय केला. मात्र ही योजना प्रामुख्याने उजाड वनांसाठी होती. चांगले जंगल राखून असलेल्या मेंढ्याने तिच्यात समावेशाची मागणी केली तेव्हा योजनेतील विरोधाभास उघड झाला : जंगल राखले तर सहभाग नाही, तोडले तर आहे. पुढे मेंढ्याचा समावेश झाला. तरीही या योजनेत गाव भागीदार होते, धनी नव्हते, आणि करार मोडण्याचा अधिकार वनविभागाच्या हाती होता.

२००६ चा वनहक्क कायदा इथे निर्णायक ठरला. परंपरेने राखलेल्या जंगलाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन हा त्यात गावाचा हक्क मानला आहे, कलम ५ नुसार वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत आणि गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य उत्पादनांच्या, व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश केला आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मात्र बांबूला झाड मानत होता. त्यामुळे हक्कपत्र हाती असूनही मेंढ्याला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. तेव्हापासून बांबूची तोड कधी, कोणत्या पट्ट्यात आणि किती करायची हे ग्रामसभा ठरवते. २०१३ मध्ये गावाने खाजगी जमिनीही महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ नुसार ग्रामदान करण्याचा निर्णय घेतला.

व्यवस्थापनाचे नियम साधे आहेत. वणवा लागू द्यायचा नाही, अतिक्रमण होऊ द्यायचे नाही, फळांसाठी झाड तोडायचे नाही, बाहेरच्यांनी ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही न्यायचे नाही. मध काढताना पोळे जाळण्याऐवजी माशा न मारता मधाचा भाग तेवढा कापून घेण्याची रीतही इथे रुजली.

सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात नंतर हजाराहून अधिक गावांचे सामूहिक हक्क मान्य झाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने याच हक्काच्या बळावर आणखी एक अवघड निर्णय घेतला. तेंदूपानासाठी फांद्या छाटल्या जातात आणि नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, तर याच तेंदूची, म्हणजे टेंभराची, फळे माणसे आणि वन्यप्राणी दोघेही खातात. म्हणून गावाने हंगामी रोख उत्पन्न देणारे तेंदू संकलनच सोडून दिले.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था अपुरी पडते. वाघांच्या हल्ल्यांचा प्रश्न जिल्ह्यात तीव्र झाला आहे आणि २०२१ च्या अखेरीस छत्तीसगडमधून आलेला रानहत्तींचा कळप धानोरा तालुक्यासह अनेक भागांत पिके व घरे तुडवत फिरला. अशा वेळी पंचनामा, नुकसानभरपाई आणि प्राण्याला पकडण्याचा निर्णय हे सारे वनविभागाकडेच असते. रात्री शेतावर जागलीला मात्र गावकरीच बसतात.