ह्वा-शंग-झांग : चिनी मजकुरात शब्द कुठे तोडायचा?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक संदेश फिरत असतो. चिनी लिपी म्हणजे चित्रं, म्हणून चिनी माणसं उजव्या मेंदूने वाचतात आणि म्हणूनच ती गणितात हुशार! दुसरं ‘म्हणून’ कशाच्या जोरावर आलं, हे विचारायची सोय नाही. पहिल्याला मात्र एके काळी खराखुरा आधार होता.

नजर रोखलेल्या बिंदूच्या डावीकडे जे दिसतं ते आधी मेंदूच्या उजव्या गोलार्धात पोचतं आणि उजवीकडचं डाव्यात. त्यामुळे पडद्याच्या मधोमध बघायला सांगून, डोळा वळायच्या आत एका बाजूला क्षणभर काही दाखवलं, तर कुठला गोलार्ध ते लवकर हाताळतो याचा अंदाज घेता येतो. एकेकटं चिनी चिन्ह असं डावीकडे दाखवलं की लोक ते जास्त चांगलं ओळखत. म्हणजे उजव्या मेंदूची सरशी. पण ओविड त्झेंग या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत एकाहून जास्त चिन्हांचे शब्द दाखवल्यावर निकाल उलटला आणि डावा मेंदू पुढे गेला. पुढे स्कॅनरमध्येही चिनी वाचकांच्या डाव्या मेंदूतला, मागच्या बाजूला खाली असलेला, तोच भाग कामाला लागलेला दिसला जो फ्रेंच किंवा इंग्रजी वाचताना लागतो. उजवी बाजूही थोडी जास्त मदत करते, इतकंच.

शिवाय ही चिन्हं चित्रं नाहीतच. पाचातली चार तरी जोडचिन्हं असतात. त्यांतला एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. घोड्याचं चिन्ह ‘मा’. त्याला बाईचं चिन्ह जोडलं की ‘मा’ म्हणजे आई, किड्याचं जोडलं की मुंगीच्या शब्दातला ‘मा’. आईच्या ‘मा’चा सूर तेवढा बदलतो. आईचा घोड्याशी काडीचा संबंध नाही, तिथे घोडा फक्त आवाज पुरवतो.

खरी गंमत पुढे आहे. चिनी मजकुरात दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. आपल्याकडे मोडीतही शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती, हे जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. चिनीत बरेचसे शब्द दोन चिन्हांचे असतात, पण एका, तीन आणि चार चिन्हांचेही असतात. मग शब्द कुठे संपला, हे डोळ्याला कसं कळतं?

एक उदाहरण घेऊ. ह्वा, शंग, झांग अशी तीन चिन्हं ओळीने आली आहेत. ‘ह्वा’ म्हणजे फूल. ‘ह्वा-शंग’ म्हणजे भुईमूग. ‘शंग-झांग’ म्हणजे वाढणं. आता मधलं ‘शंग’ कुणाचं? फूल वाढतंय की भुईमुगाचं काही चाललंय? त्यात भर म्हणजे तिसरं चिन्ह ‘झांग’ (वाढणं) असंही वाचतात आणि ‘छांग’ (लांब) असंही. म्हणजे आधी उच्चार करून मग शब्द ओळखू म्हटलं, तर उच्चारच शब्दावर अडलेला!

शिंगशान ली, कीथ रेनर आणि काइल केव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये यासाठी एक प्रतिमान (मॉडेल) मांडलं. त्यांचं म्हणणं असं की आधी तोडायचं आणि मग ओळखायचं, अशा दोन पायऱ्या नसतातच. नजरेच्या टप्प्यातली सगळी चिन्हं एकदमच जागी होतात. प्रत्येक चिन्ह आपण ज्या ज्या शब्दांत बसतो त्या सगळ्यांना बळ देतं, आणि तो शब्द वर येऊ लागला की उलट आपल्या चिन्हांना बळ पुरवतो. मात्र एकाच चिन्हावर हक्क सांगणारे शब्द एकमेकांना दाबतात. एका जागेसाठी दोघांनी अर्ज भरावा तसे ‘भुईमूग’ आणि ‘वाढणं’ दोघेही ‘शंग’साठी उभे. वापरात जास्त असलेला शब्द जरा पुढून निघतो. एक जिंकला की त्याच क्षणी शब्द ओळखला जातो आणि सीमाही ठरते. एकाच निकालातून दोन्ही कामं! मला या कल्पनेचं सौंदर्य इथेच वाटतं, कारण कात्री चालवणारा वेगळा कुणी लागतच नाही.

नजरेचा हा टप्पा तरी केवढा? तो मोजायची एक युक्ती आहे. पडद्यावर नजरेभोवतीची थोडीच चिन्हं खरी ठेवायची, बाकीची झाकायची आणि डोळा सरकला की खिडकीही सरकवायची. खिडकी लहान करत गेलं की वाचन कुठे मंदावतं ते समजतं. इंग्रजीत उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगी पडतात. चिनीत डावीकडचं एक चिन्ह आणि उजवीकडची तीन. स्पष्ट दिसणारा भाग मुळातच इवलासा असतो.  

मग शब्दांमध्ये जागा सोडली तर चिनी वाचकाचं काम सोपं होईल? २००८ मध्ये शुएजुन बाय आणि सहकाऱ्यांनी तेच करून पाहिलं. वाचन जलद झालं नाही आणि मंदावलंही नाही. जन्मभर न पाहिलेली मांडणी समोर आली, तरीही. पण तीच मोकळी जागा शब्दाच्या पोटात, भलत्याच ठिकाणी सोडली तेव्हा वाचक अडखळले. कागदावर शब्द दिसत नसला तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच एकक आहे, याचा हा पुरावा.

वाद उरला आहे तो डोळ्याच्या उडीचा. इंग्रजीत पुढचा शब्द मोकळ्या जागेमुळे आधीच दिसतो आणि नजर साधारण त्याच्या मध्याच्या जरा डावीकडे जाऊन पडते. चिनीत तसं लक्ष्यच नाही. एक गट म्हणतो, कडेच्या नजरेतच पुढचा शब्द तोडून झाला असेल तर डोळा त्याच्या मध्यावर जातो, नाहीतर सुरुवातीवर. ली यांचा गट म्हणतो, डोळा शब्दावर नेम धरतच नाही. जितकी चिन्हं आत्ताच हाताळून झाली, तितकी ओलांडून तो पुढे पडतो. ली आणि अलेक्झांडर पोलात्सेक यांच्या २०२० च्या प्रतिमानात हाच नियम घातला आहे. नोंदींमध्ये डोळा कुठे पडला ते दोन्ही गटांना सारखंच दिसतं. भांडण आहे ते तो तिथे का पडला, यावर.