मॅक्रोला एकतीस तारीख कळत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांमध्ये दुधाचे बिल साधारणपणे दर दहा दिवसांनी निघते. करवीर तालुक्यातील १४० सभासदांची एखादी संस्था डोळ्यांसमोर आणू. प्रत्येक सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो असे धरले, तर दहा दिवसांत २,८०० नोंदी होतात. तारीखवार यादी एक्सेलच्या ठरलेल्या शीटमध्ये चिकटवायची, ‘जी’ स्तंभात लिटर गुणिले दर हे सूत्र लिहून ते शेवटच्या नोंदीपर्यंत उतरवायचे, दशांश दोनवर आणायचे आणि दुसऱ्या शीटवर सभासदवार बेरीज पाहायची, एवढे काम सचिवांना महिन्यातून तीनदा करावे लागते.

असे तेच ते काम एकदा करून दाखवावे आणि पुढे संगणकाने ते आपले आपण करावे, यासाठी एक्सेलमध्ये ‘रेकॉर्ड मॅक्रो’ ही सोय आहे; अशा साठवून ठेवलेल्या कामाला मॅक्रो म्हणतात. ‘व्ह्यू’ टॅबमधील ‘मॅक्रोज’वर जाऊन ती सुरू करायची, नाव द्यायचे, नेहमीप्रमाणे काम करायचे आणि रेकॉर्डिंग थांबवायचे. फाइल मात्र ‘एक्सएलएसएम’ प्रकारात जतन करावी लागते. साध्या ‘एक्सएलएसएक्स’ फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या एक्सेलसारख्याच जुन्या प्रोग्राममध्ये मॅक्रो म्हणजे मुख्यतः दाबायच्या कळांची साठवलेली मालिका असे. १९९३ च्या एक्सेल ५ पासून मात्र आपल्या कृतींचे व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञांमध्ये रूपांतर होते, आणि त्या उघडून वाचता येतात. त्या वाचाव्यातच, कारण खरी मेख तिथेच आहे.

सूत्र खाली उतरवण्यासाठी आपण जी२ घराच्या कोपऱ्यावरील चौकोनी ठिपक्यावर दोनदा क्लिक करतो. आपल्या मनात ‘यादी संपेपर्यंत’ असे असते. रेकॉर्डर मात्र ‘जी२ ते जी२८०१’ असे लिहून घेतो. त्याला आपला हेतू दिसत नाही, त्या दिवशी घडलेली कृती तेवढी दिसते. आता जुलैचे तिसरे बिल पाहू. २१ ते ३१ हे अकरा दिवस, म्हणजे ३,०८० नोंदी. मॅक्रो २८०१ व्या ओळीवर थांबतो आणि उरलेल्या २८० ओळींत रक्कमच येत नाही. या ओळी नेमक्या ३१ तारखेच्या. कुठलीही चूक पडद्यावर दिसत नाही; प्रत्येक सभासदाचे एक दिवसाचे दूध मुकाट्याने बिलाबाहेर राहते.

‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण दाबून रेकॉर्डिंग केल्यास पत्ते निवडलेल्या घरापासून मोजले जातात, पण २,८०० ओळींचा आकडा तसाच राहतो. म्हणून ती एक ओळ हाताने बदलावी लागते: शीटच्या तळापासून, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीपासून, वर येत ‘ए’ स्तंभातील शेवटचे भरलेले घर शोधायचे आणि सूत्र तिथपर्यंतच उतरवायचे. माझ्या मते मॅक्रो शिकण्याची खरी सुरुवात या दुरुस्तीपासून होते. बटण दाबणे कुणालाही जमते.

फेब्रुवारीत उलटे घडते. २१ ते २८ हे आठच दिवस, म्हणजे २,२४० नोंदी. शीट आधी रिकामे केले नसेल, तर मागच्या बिलातील १९ आणि २० तारखेच्या ५६० ओळी खाली तशाच उरतात आणि त्यांचे पैसे दुसऱ्यांदा धरले जातात. म्हणून जुना मजकूर पुसणे ही मॅक्रोची पहिली पायरी हवी, आणि तो नेहमी प्रतीवर चालवून पाहावा, कारण मॅक्रोने केलेला बदल ‘अनडू’ने सहसा मागे घेता येत नाही.