टास्मान, आबेल यान्सझोन

(१६०३–१६५९). डच दर्यावर्दी. टास्मानिया, न्यूझीलंड आणि फिजी युरोपला प्रथम ठाऊक झाले ते याच्या १६४२-४३ च्या सफरीमुळे. जन्म नेदरलंड्सच्या ग्रोनिंगन प्रांतातला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो बटाव्हियाला (आताचे जाकार्ता) आला. तिथला गव्हर्नर-जनरल होता आंतोनी व्हान डीमेन. गोव्याची समुद्रवाट आरमाराने अडवून पोर्तुगीजांना जेरीस आणणारा तो हाच. दक्षिणेला एखादा धनवान भूखंड असणारच, या समजुतीने त्याने १४ ऑगस्ट १६४२ रोजी टास्मानला दोन जहाजे देऊन धाडले.

जहाजे आधी उलट दिशेला, मॉरिशसला गेली. यात शहाणपण होते. तिथून दक्षिणेला उतरले की पश्चिमेचे जोरकस वारे शिडांत भरतात आणि जहाज पूर्वेला रेटतात. याच वाऱ्यांवर टास्मान ऑस्ट्रेलियाच्या खालून निघून गेला. मुख्य भूमी त्याला दिसलीच नाही. २४ नोव्हेंबरला दिसला तो आजचा टास्मानिया. लाटांमुळे होडी किनाऱ्याला लागेना, तेव्हा जहाजावरचा सुतार झेंडा घेऊन पोहत गेला आणि तो रोवून परतला.

१८ डिसेंबरच्या संध्याकाळी जहाजे न्यूझीलंडच्या आजच्या गोल्डन बे उपसागरात नांगरली. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, होड्या जवळ आल्या. त्यांतून हाका आल्या, तुतारीसारखे वाद्य वाजले. डचांनीही तुतारी फुंकून उत्तर दिले. माओरींचे ते बहुधा युद्धाचे आव्हान होते आणि डचांनी ते नकळत स्वीकारले. दुसऱ्या दिवशी दोन जहाजांमध्ये ये-जा करणाऱ्या छोट्या होडीवर हल्ला होऊन चार खलाशी प्राणाला मुकले. टास्मानने त्या जागेला ‘खुन्यांचा उपसागर’ म्हटले आणि न्यूझीलंडच्या भूमीवर पाय न ठेवताच तो पुढे गेला. ते नाव अन्यायाचे आहे. न बोलावता आलेल्यांना ‘तुम्ही कोण’ हे माओरींनी आपल्या रीतीने आधी विचारले होते.

१६४४ च्या दुसऱ्या सफरीत त्याने ऑस्ट्रेलियाचा बराचसा उत्तर किनारा नकाशावर आणला. पण व्यापाराला उपयोगी काहीच हाती लागले नाही, म्हणून कंपनीचे मन या शोधांवरून उडाले. टास्मान बटाव्हियातच वारला. व्हान डीमेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बेटाला टास्मानिया हे नाव अधिकृतपणे मिळाले १८५६ मध्ये.

विज्ञानकथेत त्याचा ठळक उल्लेख जूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीत आहे. नॉटिलस पाणबुडी फिजीजवळून जाताना निवेदक सांगतो, की टास्मानने ही बेटे १६४३ मध्ये शोधली, त्याच साली टोरिचेलीने वायुदाबमापक बनवला आणि चौदावा लुई गादीवर आला. यांतले माणसाच्या अधिक कामाचे कोणते, ते वाचकाने ठरवावे, असेही तो म्हणतो. प्रत्यक्षात त्या फेब्रुवारीत टास्मानची जहाजे फिजीच्या प्रवाळखडकांत सापडली होती. एका खडकावरून ती कशीबशी पार झाली आणि बेटांवर कोणी उतरलेही नाही.