निरीक्षणाच्या रकान्यात वायूचे नाव नको

कृती, निरीक्षण, अनुमान. शाळेच्या प्रयोगवहीतले हे तीन रकाने सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. तरी संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले, की मधल्या रकान्यात हमखास लिहिले जाते : 'कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो.' तिसऱ्या रकान्यात तेच वाक्य 'म्हणून' लावून पुन्हा येते. वर्षानुवर्षे हे खोडले जात नाही, आणि ते खोडायलाच हवे.

निरीक्षण म्हणजे दिसले, ऐकू आले, वास आला, हाताला गरम लागले किंवा तापमापीवर वाचले ते. हे कुणाला समजावून सांगायला नको. अंदाज प्रयोगाआधी बांधतात आणि अनुमान प्रयोगानंतर काढतात, हेही एका ओळीत संपते. घोळ होतो तो पदार्थाच्या नावापाशी. नाव कधीच दिसत नाही. दिसतात ते बुडबुडे, आणि वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यावर दिसते ते निवळीचे दुधाळ होणे.

दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत संगमरवर, दुसरीत सोडियम सल्फाइट. दोन्हींत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. दोन्हीकडे फसफसते, दोन्ही वायू रंगहीन, आणि दोन्ही वायूंनी निवळी दुधाळ होते. फरक पुढे कळतो : दुसऱ्या नळीतल्या वायूला गंधक जळाल्यासारखा घुसमटवणारा वास असतो (नाक नळीवर नेऊ नका, हाताने वारा घालून थोडासाच घ्या), आणि आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला नारिंगी कागद त्यात हिरवा होतो. तो सल्फर डायऑक्साइड. ज्याने 'निवळी दुधाळ झाली' असे लिहिले, त्याला अनुमान बदलून पुढे जाता येते. ज्याने थेट कार्बन डायऑक्साइड लिहिला, त्याच्या वहीत तपासून पाहण्यासारखे काही उरतच नाही.

निवळी उलट बाजूनेही फसवते. वायू जास्त वेळ सोडत राहिलात तर दुधाळपणा जातो, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते. उशिरा पाहणारा 'दुधाळ झाली नाही' असे लिहितो आणि वायू दुसराच असल्याचे ठरवतो. म्हणून वेळेसकट लिहा : आधी दुधाळ, मग पुन्हा पारदर्शक. सुरुवातीची स्थितीही लिहा. उघड्या बाटलीतली निवळी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने साय धरते आणि मुळातच गढूळ असू शकते. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा, वरचे नितळ पाणी हलक्या हाताने गाळून घ्यावे आणि बाटलीला घट्ट बूच लावावे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे 'अभिक्रिया झाली नाही.' हेसुद्धा अनुमानच. 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी 25 मिलिलीटर एकत्र करा. रंग नाही, बुडबुडा नाही, साका नाही. पण तापमापी आत असेल तर पारा सुमारे 6 अंश सेल्सिअसने चढतो. तापमापी न लावणाऱ्याने 'डोळ्यांना बदल दिसला नाही' एवढेच लिहावे. त्यापुढे एक शब्दही लिहिण्याचा त्याला हक्क नाही.

शब्दांचेही तसेच. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे द्रावण पारदर्शक असते, रंगहीन नव्हे. पाण्याला 'पांढरे' म्हणणे तर मुळीच चालणार नाही, पांढरे दूध असते.

वैश्विक दर्शकाच्या (आम्ल-आम्लारीनुसार रंग बदलणाऱ्या) पट्टीबद्दल वाद होतो, कारण सामू (pH) हा आकडा रंग तक्त्याशी जुळवून काढलेला असतो. रंग आधी लिहावा, हे माझे ठाम मत : 'पट्टी नारिंगी, तक्त्याप्रमाणे सामू 4.' नुसता 4 लिहिला तर चूक पट्टी वाचण्यात झाली की तक्ता पाहण्यात, हे नंतर शोधता येत नाही.

मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवल्यावर मधला रकाना असा भरावा : 'खिळ्यावर तांबूस थर, द्रावणाचा निळा रंग फिका.' तांबे हा शब्द त्याच्या शेजारच्या रकान्यात.