जावयाची नोकरी गेली, मुलीच्या व्हिसाचं काय?
(यूकेत जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या सोलापुरातल्या घरच्यांसाठी)

आमच्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा वडीलच घेऊन येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एफडीच्या पावत्या, आणि बसायच्या आधीच, "आता पोरीला परत यावं लागणार का हो?"

नाही. जावई ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथं कायम राहायची परवानगी असलेला असेल, आणि मुलगी त्याची बायको म्हणून गेली असेल, तर हातातला व्हिसा त्याची नोकरी गेल्यामुळं आपोआप रद्द होत नाही. तो तारखेपर्यंत चालतो. अडचण येते मुदतवाढीच्या वेळी, कारण तेव्हा उत्पन्न पुन्हा दाखवावं लागतं. म्हणून पहिलं काम म्हणजे व्हिसा कधी संपतो ते बघणं. आता कार्ड मिळत नाही, तारीख ऑनलाइन खात्यात दिसते. मुलीला खातं उघडून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. "दिवाळीच्या आसपास असेल" यावर आम्ही काहीच सांगू शकत नाही.

एक फरक इथंच सांगतो. जावई स्वतःच स्किल्ड वर्कर व्हिसावर (कंपनीच्या नोकरीमुळं मिळणारा व्हिसा) असेल आणि मुलगी त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असेल, तर गोष्ट वेगळी आणि घाईची. नोकरी सुटल्याचं कंपनीनं होम ऑफिसला (यूकेचं गृहखातं) 10 कामाच्या दिवसांत कळवायचं असतं. मग होम ऑफिस दोघांचाही व्हिसा कमी करतं, साधारणपणे 60 दिवसांवर आणतं. त्यात नवीन स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी दुसरी कंपनी, शोधायचा, दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करायचा किंवा परत यायचं. अशांनी हे पत्रक बाजूला ठेवून आधी फोन करावा.

किती उत्पन्न लागतं

11 एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड. पण पहिला अर्ज त्या तारखेच्या आधी केला असेल आणि जोडीदार तोच असेल, तर मुदतवाढीलाही जुनाच आकडा, म्हणजे 18,600, चालतो. 29,000 ऐकूनच हातपाय गाळून बसलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आधी पहिल्या अर्जाची तारीख काढा.

दुसरी गोष्टही बऱ्याच जणांना माहीत नसते. भारतातून पहिल्यांदा जाताना नोकरीतलं उत्पन्न फक्त जावयाचं धरतात. मुदतवाढीला मुलीचा तिथला पगारही धरतात. जावई घरी बसलाय, पण मुलगी सहा महिने एकाच ठिकाणी पुरेशा पगारावर काम करतेय, तर तिच्या एकटीच्या पगारावरही अर्ज उभा राहतो. फक्त या सहा महिन्यांतला सगळ्यांत कमी पगार धरतात, चांगल्या महिन्याचा नाही.

जावयाला नवीन नोकरी लागली, पण सहा महिने झाले नाहीत, तर दोन गोष्टी बघतात. नवा पगार वर्षाच्या हिशेबानं पुरेसा आहे का, आणि मागच्या 12 महिन्यांत खरोखर तेवढे कमावले का. जुनी नोकरी सात महिने, महिना 2,200 प्रमाणे 15,400. मग तीन महिने रिकामे. नवी नोकरी दोन महिने, 1,900 प्रमाणे 3,800. बेरीज 19,200, नवा पगार वर्षाला 22,800. जुन्या आकड्याच्या घरात हा अर्ज बसतो. नव्या आकड्याच्या नाही.

पे-स्लिप आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. पगाराचा काही भाग रोख घेतला असेल, तर तो धरला जाईल असं समजू नका.

इथल्या पैशांचं काय

पगार कमी पडला तर बचत दाखवता येते. हिशेब असा: वर्षाला जेवढे कमी पडतात त्याच्या अडीच पट, अधिक 16,000 पौंड. मुलगी सहा महिने एकाच नोकरीत असून तिचा पगार 12,000 आहे आणि लागतात 18,600, तर कमी पडले 6,600. अडीच पट 16,500, त्यात 16,000 मिळवले की 32,500 पौंड. कुणाचंच उत्पन्न नसेल तर 62,500, आणि नव्या आकड्यानं 88,500.

हे पैसे यूकेत न्यायची गरज नाही, इथल्या बँकेत असले तरी चालतात. पण ते मुलीच्या, जावयाच्या किंवा दोघांच्या नावावर हवेत, सलग सहा महिने हवेत, आणि कधीही काढता आले पाहिजेत. दंड भरून मोडता येणारी एफडी चालते. वडिलांच्या नावावरची चालत नाही, मग वडील कितीही तयार असोत. बक्षीस म्हणून मुलीच्या खात्यात टाकता येतात, पण सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे. कर्ज काढून टाकलेले पैसे धरत नाहीत.

आता सोलापूरकरांसाठी खास. आपल्याकडं निम्मी बचत पतसंस्थेत. व्याज जास्त, संचालक ओळखीचे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नाही, सहकार खात्याची देखरेख असते. पैसे नियमन असलेल्या बँकेत असावेत असा तिकडचा नियम आहे. पतसंस्थेची पावती घेऊन आलेल्यांना आम्ही एकच सांगतो: आज बँकेत हलवा, सहा महिने आजपासून मोजू. रुपयांचं पौंडात रूपांतर अर्जाच्या दिवशीच्या दरानं होतं, म्हणून काठोकाठ ठेवू नका.

जुळे सोलापुरातला प्लॉट विकून पैसे उभे करणार असाल, तर उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघा. मुलीचं किंवा जावयाचं असेल आणि मालकी सहा महिन्यांहून जुनी असेल, तर विक्रीचे पैसे खात्यात नव्यानं सहा महिने ठेवावे लागत नाहीत. खरेदीखत, उतारा, बँकेतली नोंद, तिन्ही लागतील. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. ते काम आमच्याकडं होतं.

तारीख चुकवू नका

व्हिसा संपायच्या आधी अर्ज गेला, तर निकाल लागेपर्यंत जुन्या अटींवर राहता येतं, कामही करता येतं. एक दिवस उशीर झाला तर हे संरक्षण नाही. मात्र अर्ज अडकलेला असताना देश सोडला, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते आणि आईचा फोन जातो, "चार दिवस येऊन जा." या काळात बोलावू नका. शेंगाचटणी कुरिअरनं पाठवा.

अर्जाच्या फीशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वेगळा, वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे मुदतवाढीच्या अडीच वर्षांचे 2,587.50. नोकरी गेलेल्या घरात ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी लागते. इंग्रजीची परीक्षाही पहिल्या वेळेपेक्षा एक पायरी वरची, ए2 पातळीची.

आकडा कुठूनच जुळत नसेल, पण घरात ब्रिटिश नागरिक असलेलं मूल असेल, किंवा जावयाला अपंगत्वाचे काही ठराविक भत्ते मिळत असतील, तर नियम बदलतात. अशा अर्जात वकील लागतोच. आम्ही कागद जमवतो, तपासतो, भाषांतर करतो. यूकेच्या कायद्याचा सल्ला तिथल्या नोंदणीकृत सल्लागाराकडून किंवा सॉलिसिटरकडूनच घ्या. "शंभर टक्के करून देतो" असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. आम्ही म्हणालो तरी.

येताना आणा: व्हिसाच्या तारखेचा स्क्रीनशॉट, पहिल्या अर्जाची तारीख, दोघांच्या 12 महिन्यांच्या पे-स्लिप, आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट. पिशवी प्लास्टिकची चालेल.