घरगुती संगणकांची जुनी स्पर्धा आणि नागपुरातील निवड

जुन्या घरगुती संगणकांची तुलना आज बहुधा मेमरी, रंग आणि आवाज यांच्या आकड्यांवर होते. १९८०च्या दशकात नागपुरातील एखाद्या घराने असे यंत्र घ्यायचे ठरवले असते, तर त्याला आधी दुसराच प्रश्न पडला असता : हे आपल्या टीव्हीला जोडता येईल का, आणि बिघडले तर सीताबर्डीच्या बाजारात कोणी उघडून पाहील का?

अमेरिकेत १९७७ साली ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही यंत्रे विक्रीस आली व संगणक हौशी मंडळींच्या टेबलावरून सामान्य घरात शिरू लागला. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो आणि एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. स्पेक्ट्रमचे १६ केबी (किलोबाइट) मेमरीचे यंत्र १२५ पौंडांना, तर ४८ केबीचे १७५ पौंडांना मिळे. बांधणीने भक्कम असलेला बीबीसी मायक्रो त्याहून बराच महाग होता. त्याच वर्षी अमेरिकेत ५९५ डॉलरला आलेला कमोडोर ६४ मेमरीत आणि आवाजात दोघांनाही मागे टाकत होता.

कागदावरचा हा विजय आपल्याकडे सहज पोहोचणारा नव्हता. अमेरिकेतील यंत्र ११० व्होल्टवर चालणारे आणि एनटीएससी या तिथल्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचे. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल या वेगळ्या पद्धतीने. त्यामुळे परदेशातील मामा लंडनला राहतो की न्यू जर्सीला, यावर यंत्राची उपयुक्तता ठरणे स्वाभाविक होते. ब्रिटिश यंत्रांना आणखी एक बळ मिळाले : १९८४ साली केंद्र सरकारने शाळांतील संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पासाठी बीबीसी मायक्रो निवडला. पुढे डेसिबेल्स या कंपनीने परवान्याने स्पेक्ट्रम प्लस भारतात विकला. स्पेक्ट्रमचे प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर असत, आणि ४८ केबीचा खेळ कॅसेटवरून मेमरीत चढायला चार-पाच मिनिटे लागत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या या शहरात मधेच वीज गेली, तर पहिल्यापासून सुरुवात.

माझ्या मते खरी कसोटी मात्र लिपीची होती. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःच्या आकृत्या रेखाटता येत. पण त्या फक्त २१, आणि प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. मराठीची नुसती व्यंजनेच त्याहून अधिक. मात्रा आणि जोडाक्षरे तर दूरच. यावर उत्तर मिळाले ते वेगळ्याच यंत्रांत. १९८१ च्या आयबीएम पीसीत जास्तीची कार्डे, म्हणजे सर्किटच्या पट्ट्या, बसवायला खाचा होत्या, म्हणून त्याच धर्तीच्या स्वस्त यंत्रांतही त्या आल्या. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून उभे राहिलेले आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने पुढे नेलेले, भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड अशाच एका खाचेत बसे, आणि पडद्यावर देवनागरी उमटे.