समर लीगपूर्व हिशोब (बेळगाव सीमाभाग)

एनबीए म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, तिचा ड्राफ्ट (टीम्स नंबरवार नवी पोरं निवडतात तो) जूनच्या शेवटी झाला की जुलैत लास वेगासची समर लीग, म्हणजे नव्या पोरांची उन्हाळी स्पर्धा, सुरू होईपर्यंत बास्केटबॉलवेडे लोक नवी पोरं किती पाण्यात आहेत आणि आपल्या टीममध्ये कुठली जागा रिकामी आहे याचा जो हिशोब मांडत बसतात, त्याची ही नोंद. प्रकार जगभरचा आहे, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातही चालतो, फक्त इकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, उघड्या कोर्टवर शेवाळ धरलेलं असतं, मग बोलण्याशिवाय दुसरं करणार तरी काय. क्रिकेट आणि फुटबॉलपुढे बास्केटबॉलवाले इथे मूठभरच, कोण शाळा-कॉलेजच्या टीममधून खेळलेलं, कुणाला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर नाद लागलेला. घरची अशी टीम नसल्यामुळे बरेच जण प्लेयरमागे जातात, तो ट्रेड झाला की यांचीही टीम बदलते, आणि त्यावरून वर्षभर टोमणे खातात.

वेगासची समर लीग २००४ साली सुरू झाली, २०१८ पासून सगळ्या ३० टीम्स तिथे येतात. खेळणारे म्हणजे नुकते ड्राफ्ट झालेले, एक-दोन वर्षं बेंचवर बसलेले, आणि कुणीच न निवडलेले पण अजून आशा न सोडलेले. मॅच ४८ ऐवजी ४० मिनिटांची. फाउल सहाऐवजी १० झाल्यावर बाहेर, त्यामुळे उंच पोरं बिनधास्त अंगावर जातात आणि ब्लॉकचे (समोरच्याचा शॉट हवेत अडवण्याचे) आकडे फुगतात, हे विसरून नुसता स्कोअरकार्ड बघणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. इथल्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, "पोरगं भारी खेळालंय, खरं बसवणार कुठं त्याला?" पहिल्या अर्ध्या भागावर सगळे तासभर बोलतात, दुसऱ्यावर कमी, आणि खरी मेख तिथंच आहे. सीझनमध्ये टीमकडे १५ रेग्युलर करार आणि २०२३-२४ पासून ३ टू-वे करार असतात, टू-वेवाला जास्तीत जास्त ५० मॅचसाठी वरच्या टीमबरोबर राहू शकतो, बाकी वेळ खालच्या जी लीगमध्ये. ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये निवडलेल्या पोराला पहिली दोन वर्षं पैशांची हमी असते, पुढच्या दोन वर्षांचं टीम ठरवते. त्यामुळे विसाव्या नंबरवर घेतलेलं पोरगं जुलैत खराब खेळलं तरी त्याची खुर्ची जात नाही, आणि न निवडलेल्यानं एका मॅचला २५ पॉइंट मारले तरी आधी १५ मधली एक जागा रिकामी लागते. ऑस्टिन रीव्ह्सला २०२१ ला कुणीच निवडलं नव्हतं, लेकर्सनी टू-वेवर घेतलं, सीझन सुरू व्हायच्या आत रेग्युलर करार दिला. असं होतं, पण रोज होत नाही.

ड्राफ्टला टीमची गरज बघायची की पोराचे गुण, यावर भांडण कायमचं. गरजवाल्यांना गप्प करायला १९८४ चा ड्राफ्ट काढतात: पोर्टलंडकडे आदल्या वर्षी घेतलेला, जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी हा उंच माणूस घेतला आणि तिसऱ्या नंबरवर शिकागोनं मायकल जॉर्डन नेला. उदाहरण जोरदार आहे पण सगळीकडे लावण्यात अर्थ नाही. पहिल्या चार-पाच पिकला (निवडींना) गुणच बघावेत, तिथून खाली सरकत जाल तशी गरज महत्त्वाची होत जाते, कारण खालच्या पोरांमध्ये फरक थोडा असतो आणि कुणाला मिनिटं मिळतात यावरच पुढचं सगळं ठरतं.

पोरगं बघायचं कसं, याची बेळगावात आनंदवाडीच्या कुस्तीच्या आखाड्यात बसलेल्या जुन्या माणसांची एक रीत आहे: डाव नंतर, आधी पाय बघायचे. बास्केटबॉलमध्येही तेच चालतं, म्हणजे डंक (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) सोडून द्या, डिफेन्सला बाजूला सरकताना पाय अडकतात का, दमल्यावर परत धावतो का, बॉल हातात नसताना कुठं उभा राहतो ते बघा. शूटिंगचा वेगळा लोचा आहे. अमेरिकन कॉलेजात आणि आपल्या कोर्टवर थ्रीची (तीन पॉइंटच्या शॉटची) रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएत ती समोरून ७.२४ मीटर, कोपऱ्यात मात्र ६.७० च. अर्धा मीटर म्हणजे काय ते कळायला आपल्या कॉलेजच्या रेषेमागे एक पाऊल जाऊन दहा थ्रो मारून बघावेत, खांदा बोलायला लागतो. म्हणून जाणकार थ्रीच्या टक्क्यांबरोबर फ्री थ्रोचे (फाउलनंतर कुणी न अडवता मारायच्या शॉटचे) टक्केही बघतात, हात खरा चांगला आहे का ते तिथं बऱ्यापैकी कळतं.

आणि चार-पाच मॅचवरून शिक्का मारायची घाई तर विचारूच नका. २०१२ ला समर लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेयर) किताब डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी या दोघांत विभागून दिला होता. लिलार्ड त्या सीझनचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा प्लेयर) झाला, सेल्बी तोच सीझन खेळून एनबीएतून गायब. उलटं बघायचं तर व्हिक्टर वेम्बन्यामा, २०२३ च्या ड्राफ्टचा पहिला पिक, त्याचे समर लीगच्या पहिल्या मॅचला १३ पैकी २ शॉट पडले, ९ पॉइंट, लगेच लोकांनी तोंड वाकडं केलं, पुढच्या मॅचला २७ पॉइंट १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल).

भारतीय नाव यादीत असलं की इथली चर्चा एकदम भावनिक होते, हिशोब बाजूला पडतो. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्टेड प्लेयर, पण एनबीएच्या रेग्युलर सीझनची एकही मॅच त्याला मिळाली नाही. २०२१ ला समर लीग जिंकलेल्या सॅक्रामेंटो किंग्जच्या टीममध्ये प्रिन्सपाल सिंग होता, त्यालाही पुढे वरच्या टीमचा करार मिळाला नाही. दोघांच्याही बाबतीत प्रश्न तोच, बसवणार कुठं.

बघायची वेळ मात्र सोयीची. उन्हाळ्यात वेगास आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे तिथली संध्याकाळी सातची मॅच इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लागते, आणि पावसानं लाईट घालवली नाही तर पहिलं लेक्चर चुकवून किंवा ऑफिसला जाता जाता मोबाईलवर दोन क्वार्टर तरी बघून होतात. बाकीचे लोक संध्याकाळी हायलाइट्स बघतात आणि मत मात्र सगळ्यात ठाम त्यांचंच असतं.